कमानींखालचं फोर्ट

(दृश्य: सकाळ, सीएसएमटी. फलाटावरून बाहेर पडणारी गर्दी.)

लोकलमधून उतरलं की इथला चाकरमानी ऑफिसपर्यंत बहुधा पायीच जातो. समोर महापालिकेची इमारत दिसते, मध्ये फक्त एक रस्ता. पण गर्दीचा मोठा लोंढा तिकडे न वळता पायऱ्या उतरून सबवेत शिरतो. गाडी वरून सरळ जाते, माणूस खाली जाऊन पुन्हा वर चढतो. गुडघे दुखणाऱ्या आजींना कुणी विचारलंय?

फोर्ट म्हणजे जुन्या मुंबईकरांचा कोट. बाजार गेट, चर्च गेट, अपोलो गेट असे त्याचे तीन दरवाजे. चर्च गेट उभं होतं ते आजच्या फ्लोरा फाउंटनच्या आसपास, स्टेशनाशी त्याचं नातं नावापुरतंच. 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तटबंदी पाडली आणि शहराला मोकळी जागा मिळाली.

(दृश्य: दादाभाई नौरोजी रस्ता, कमानींची लांब रांग.)

हा तेव्हाचा हॉर्नबी रोड. 1896 साली सरकारनं इथे एक नियम केला: रस्त्याकडेच्या प्रत्येक इमारतीनं तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडायची. वरच्या मजल्यांची शैली गॉथिक करा, निओक्लासिकल करा, इंडो-सारसेनिक करा, मालकाची मर्जी. खाली वाट मात्र सलग हवी. मालकाच्या जागेतून लोकांची वाट काढून घेणारा हा नियम आज कुणी आणला, तर किती जण कोर्टात धावतील, कल्पना करा!

त्या एका नियमावर हा रस्ता अजून चालतोय. मे महिन्यात डोक्यावर सावली, जुलैत छत्री मिटता येते. पुढे या कमानी दुकानांच्या पाट्यांनी झाकल्या गेल्या. पाट्यांना शिस्त लावण्याचं काम झालं, त्याला 2004 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. तरी आजही कमानीखाली मध्येच मोटारसायकल उभी असते, मध्येच जनरेटर.

आणि फेरीवाले? सगळा दोष त्यांच्या माथी मारणं सोपं आहे. पण हुतात्मा चौकातला पुस्तकवाला, कोपऱ्यावरचा वडापाववाला उठवला, तर माणसं रेंगाळणार कशासाठी? 2014च्या कायद्यानं त्यांची जागा ठरवून द्यायची आहे. ती ठरली की चालायलाही जागा उरते.

(दृश्य: संध्याकाळ. शटर ओढलेली दुकानं, रिकाम्या गल्ल्या.)

फोर्टचं खरं दुखणं संध्याकाळी दिसतं. ऑफिसं आधी नरिमन पॉइंटला गेली, मग वांद्रे-कुर्ला संकुलात. हिऱ्यांचा बाजारही 2010 मध्ये तिकडेच सुरू झाला. मागे राहिलेल्या कित्येक जुन्या इमारतींत भाडं इतकं कमी, की डागडुजीला मालक पुढे येत नाही. वॉटसन हॉटेल म्हणून गाजलेलं एस्प्लनेड मॅन्शन 2019 मध्ये रिकामं करावं लागलं.

नुसत्या फुटपाथांनी हे सगळं सुटणार नाही. पण माणसं येऊ लागली, तर इमारत सांभाळायला कारण मिळतं. आणि माणसं येण्याची सोय आता झाली आहे: 2025च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते, हुतात्मा चौकात स्टेशन आहे. तिथून वर आल्यावर पाऊल कुठे पडतं, प्रश्न तेवढाच.

(दृश्य: काळा घोडा महोत्सव, माणसांनी भरलेला रस्ता.)

फोर्टमधला हा कलांचा काळा घोडा महोत्सव 1999 मध्ये सुरू झाला. त्याच्या दिवसांत दुभाष मार्गावर गाड्या बंद असतात. रस्ता तोच, रुंदीही तीच, फक्त मधोमध माणसं चालतात आणि बाबागाडी न अडखळता पुढे जाते.

दुकानदार म्हणतात, गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येईल कसं? शंका रास्त आहे. पण दिवसभर एकाच जागी उभी राहणारी गाडी बहुधा गिऱ्हाइकाची नसते, वरच्या मजल्यावरच्या साहेबांची असते. तिच्या पार्किंगचे पैसे जागेच्या भावानं घ्यायला सुरुवात करा. फुटपाथ रुंद करायला लागणारी जागा त्या गाड्यांखालीच आहे.