कापूस ठेवायचा कुठं?

(उन्हाळ्याच्या शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

सरपंचताई, ग्रंथपाल काका आणि राजेहो,

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘इंटिरियर डिझायनर’ छापलंय. तेव्हा मी पडद्यांचे रंग आणि सोफ्यांचे प्रकार सांगेन, अशी तुमची समजूत झाली असेल. पण यंदाच्या उन्हाळ्यातल्या माझ्या कामांत सोफा बहुतेक ठिकाणी शेवटी आला, आणि एका घरात आलाच नाही. त्याच घरापासून सुरुवात करते.

पांढरकवड्याच्या बाजूचं गाव. दोघा भावांनी मिळून स्लॅबचं नवं घर बांधलेलं. थोरल्याला हॉलमध्ये टीव्ही युनिट, पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि कडेनं निळे लाइट हवे होते. मोबाइलवर फोटो तयार होते. मी माप घ्यायला टेप काढला आणि भिंतच दिसेना, कारण हॉलमध्ये खिडकीच्या चौकटीपर्यंत कापूस भरलेला. घरातली लहान मुलं त्या ढिगावर झोपत होती. धाकट्या वहिनींच्या दोन्ही हातांवर कापसामुळे कोपरापर्यंत लाल पुरळ, खाजवून खाजवून कातडी सोललेली. मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाल्या, “ताई, टीवी कुठंही लागंल. कापूस कुठं ठेवाचा, ते सांगा पयले.”

नागपूरच्या माझ्या ओळखीच्या डिझायनर मंडळींना हा प्रश्न सांगितला तर ते हसतात. तुम्ही हसणार नाही. दसऱ्याच्या आसपास सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होते, पहिला वेचा घरात येतो, मग दुसरा, तिसरा. सुरुवातीच्या कापसात ओल असते. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा चालतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात आणि १२ च्या वर गाडी परत. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावोगाव फिरणारा व्यापारी, दारात येऊन त्याहून कमी सांगतो. मग माणूस थांबतो. हिंगणघाटला काय भाव निघाला, वणीला काय निघाला, हे रोज विचारत थांबतो. आणि तो थांबतो तोवर वर्षाची सगळी कमाई घरातल्या सगळ्यात मोठ्या खोलीत पडून राहते. ती सगळ्यात मोठी खोली म्हणजे आर्किटेक्टच्या नकाशातला ‘हॉल’.

त्या घरात आम्ही हॉल लहान केला आणि मागच्या अंगाला कापसाची खोली काढली. तिचं दार थेट अंगणात, म्हणजे छोटा हत्ती टेम्पो पाठीमागून लावला की कापूस घरातून न फिरवता भरता येतो. दाराला आतून उभ्या खाचा आणि त्यात एकावर एक सरकणाऱ्या आडव्या फळ्या. ढीग वाढेल तशी एकेक फळी वर चढवायची, उपसायचा तेव्हा एकेक काढायची. जुन्या धान्यदुकानांना असे दरवाजे असायचे. जमिनीवर बांबूचे ताटवे अंथरले, त्यांच्याखालून हवा फिरते. वर समोरासमोर दोन झरोके, दोन्हींना बारीक जाळी. आणि आत विजेचं एकही बटण नाही. बोर्ड बाहेरच्या भिंतीवर, दिवा काचबंद. कापसाच्या खोलीत सैल प्लग आणि ठिणगी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

कापूस गेला की खोली झाडून, धुऊन मोकळी करायची हेही ठरवून दिलं. साठवलेल्या कापसात गुलाबी बोंडअळी तग धरते आणि तिथूनच पुढच्या हंगामात शेतात जाते. रिकाम्या खोलीत पावसाळाभर मुलांचा अभ्यास, किंवा पाहुण्यांची खाट. फॉल्स सीलिंगचे पैसे या खोलीत गेले. थोरले आठवडाभर रुसले होते. वहिनींचे हात आता बरे आहेत.

फॉल्स सीलिंगबद्दल माझं मत कडक आहे, ते सांगून टाकते. गावात त्याच्या पोकळीत उंदीर येतात आणि उंदरामागे साप. पंखा खाली येतो, खोली बुटकी होते. उष्णता थोडी अडते, मान्य, पण तेवढ्याच कामासाठी स्लॅबच्या वरून चुना, पांढरं सिमेंट आणि थोडं फेव्हिकॉल कालवून दोन हात मारले तर खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि खर्च त्याच्या पासंगालाही पुरत नाही. ४५-४६ अंशांच्या चंद्रपुरात किंवा ब्रह्मपुरीत दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, कुणाच्या घरात किती तापतो, हे त्या घराच्या छतावर ठरतं.

आणि कूलर! कूलर खोलीच्या आत ठेवून सगळी दारंखिडक्या लावून बसलेली कितीतरी घरं पाहिली. मग अंग चिकचिकतं आणि दोष कूलरच्या गवताच्या ताटीला. कूलर ओली हवा आत ढकलतो. ती बाहेर जायला समोरच्या भिंतीत वाट लागते. कूलर खिडकीच्या बाहेर, सावलीत ठेवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी राहू द्या. पाणीही वाया जात नाही. ज्या गावांत मे महिन्यात टँकर येतो, तिथं ही छोटी गोष्ट नाही.

आता घरकुलांच्या कामाबद्दल. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटर धरलेत, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. इतक्या जागेत इंटिरियरचं काय काम, असं मलाही कुणी कुणी विचारलं. माझं म्हणणं, जिथं जागा कमी तिथंच माप जास्त लागतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात महिला बचत गटानं बोलावलं होतं. कागदावरचा नकाशा फिरवला, सगळ्या जणींनी मान डोलावली आणि कुणीच काही बोललं नाही. तेव्हा शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं २६९ चौरस फुटांचं घर आखलं, खऱ्या मापाचं. भिंती म्हणजे पांढऱ्या रेघा, दाराच्या जागी दोन विटा. मग म्हटलं, आता सामान आणा. बायकांनी खाट आणली, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, एकीनं तर शिलाई मशीन. पाच मिनिटांत सगळी चूप बसलेली माणसं भांडायला लागली.

“इथं शेगडी ठेवली तं दारातून येणारा-जाणारा मह्या ताटात पाहीन.” दार सरकलं. खाट ठेवली तर कपाटाचं दार उघडेना. कपाट भिंतीत गेलं, म्हणजे फडताळ झालं. माळा सात फुटांवर कडाप्प्याचा टाकायचा ठरलं होतं. एक उंच मुलगी त्याखाली उभी राहिली आणि आणखी अर्धा फूट वर गेला. सर्वांत मोठा वाद खिडकीवर झाला. गवंडी खिडकी चार फुटांवर लावतो. आपण जेवतो खाली, निवडणं-टिपणं खाली, उन्हाळ्यात झोपतो खाली, आणि वारा डोक्यावरून जातो. बायकांना खिडकी दीड फुटावर हवी होती, पुरुषांना चोरांची भीती. शेवटी खाली एक फुटाची जाळीची पट्टी आणि वर नेहमीची खिडकी, यावर तोड निघाली. फक्कीच्या रेघेवर पाय पडला की पोरं ओरडायची, “भिंत तुटली, भिंत तुटली!” गवंडी काका तिथंच होते. पुढचं घरकुल त्यांनी त्या मापानं लावलं आणि मला फोटो पाठवला.

१४ एप्रिलच्या निमित्तानं एका बुद्धविहाराच्या अभ्यासिकेचं काम मिळालं. एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं. मी दिवे, टेबलांचं अंतर, चार्जिंगची बटणं असं सगळं मांडलं. तिथले लोक म्हणाले, मुली संध्याकाळनंतर येत नाहीत. का, तर शौचालय नाही. तेव्हा दिव्यांचे पैसे अर्धे केले आणि आधी शौचालय बांधलं. हेही इंटिरियरच समजा.

या सगळ्यात अधूनमधून फिरणंही झालं. सेवाग्रामला मी दर उन्हाळ्यात जाते, तेही मुद्दाम दुपारी. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले. त्यांच्या बापूकुटीच्या बांधणीमागे त्यांची शिष्या मीराबेनचा हात. मातीच्या भिंतीवर तिनं उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा अजून आहेत. जाड भिंती, कवेलूचं छप्पर, भोवती पडवी, आणि सगळं घर जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या मापाचं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत पंख्याशिवाय बसता येतं.

पण म्हणून मी कुणाला मातीचं घर बांधा असं सांगत नाही. नागपूरच्या फार्महाउसवाल्यांना शेणानं सारवलेली ओसरी हवी असते, कारण सारवायला दुसरं कुणी असतं. गावातल्या बाईला टाइल्स हव्या असतात, कारण आजवर तिनंच सारवलंय. मी बाईच्या बाजूची. फक्त गुळगुळीत टाइल्स घेऊ नका, ओल्या पायानं घसरतात. खडबडीत घ्या, किंवा शहाबादी. कवेलूचंही तसंच. गारवा देतात यात वाद नाही, पण दर पावसाळ्याआधी फेरायला माणूस मिळत नाही, आणि माकडांची टोळी एका सकाळी छप्पर मोकळं करते. लोक टिनं टाकतात ते हौसेनं नाही. टिनाखाली बांबूचा ताटवा बांधला आणि मध्ये वितभर पोकळी सोडली तर दुपार निभते.

बांबूसाठी मेळघाटात गेले, धारणीजवळ लवाद्याला. संपूर्ण बांबू केंद्रात कोरकू कारागीर काम करतात, तिथल्या राख्या तुम्ही पाहिल्या असतील. मला मात्र त्यांचे सांधे पाहायचे होते, खिळा न मारता बांबूला बांबू कसा अडकवतात ते. पुढे गडचिरोलीत मेंढा-लेखालाही जाऊन आले. २०११ साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः तोडून विकण्याचा हक्क देशात पहिल्यांदा बजावला तो या गावानं. २०१७ मध्ये वन कायदा बदलला आणि जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळलं. तुमच्या बांधावरचा बांबू आता तुमचा आहे. आपल्या भागातलं सागवान दिल्लीत नव्या संसद भवनाला लागलं, आणि आपल्या घराला मात्र बाजारातला पोकळ फ्लश डोअर. निदान बांबू तरी घरी वापरू.

म्हणूनच या वाचनालयाच्या मुलांच्या विभागाला बांबूचे रॅक करायचे ठरवलेत. मापं मे महिन्यातल्या शिबिरात पोरांनीच घेतली. सर्वांत वरचा कप्पा चौथीतल्या मुलीचा हात पुरेल तिथं थांबतो. बुरूड मोहल्ल्यातल्या दोन दादांनी काम घेतलंय. ते घाई करू देत नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं. पावसाळ्यात कोवळे कोंब फुटतात, तेव्हा बांबूला हात लावायचा नाही. हिवाळ्यात, तीन-चार वर्षांचा जून बांबू निवडून तोडायचा. तेव्हा त्यात साखर कमी असते आणि भुंगा कमी लागतो. तोडल्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवायचा, मग सावलीत वाळवायचा. आजोबांच्या काळी नाल्याच्या पाण्यात मुरवत, तेही चालतं, पण आपला नाला तेव्हा वाहता असला पाहिजे.

तेव्हा रॅक माघापर्यंत मिळतील. तोवर पुस्तकं आहेत त्या लोखंडी कपाटात राहू द्या, फक्त कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. त्या भिंतीला ओल येते, मी मघाशी हात लावून पाहिलाय. ज्यांच्या बांधावर मानवेल किंवा कटांग जातीचा बांबू आहे त्यांनी ग्रंथपाल काकांकडे नाव लिहून द्या. मजुरी वाचनालय देणार आहे, बांबूचे पैसे बाजारभावानं. फुकट कुणी देऊ नये, म्हणजे काम अर्धवट पडत नाही.

आता प्रश्न विचारा. घराचा नकाशा सोबत आणला असेल तर तोही दाखवा, पण एक अट आहे: घरातल्या बाईला सोबत घेऊन या.