फाटकावरची पाटी: इंग्लंडच्या तळ्यावर गरवण्याचे नियम

(दृश्य: तळ्याचं लाकडी फाटक. त्यावर ओळींनी भरलेली पाटी. कॅमेरा सावकाश वरून खाली येतो.)

निवेदन:

इंग्लंडमधल्या कुठल्याही राखलेल्या तळ्यावर गरवायला जा, पाण्याच्या आधी ही पाटी भेटते. उलटा काटा नसलेला गळ वापरा. मासा गादीवर ठेवा. जाळं औषधात बुडवून मगच आत आणा. शेंगदाणे आणू नका. शेकोटी पेटवू नका. पहिल्यांदा वाचणारा गोंधळतो. ज्या माशाला गळ लावायचा, त्याचीच एवढी काळजी?

कारण इथला मासा खाण्यासाठी नाही. तो धरायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. पुढच्या महिन्यात तोच मासा दुसऱ्या कुणाच्या तरी गळाला लागेल. ज्यानं धरला त्याच्याकडे तो काही मिनिटांपुरता असतो, एरवी तो तळ्याचा असतो. पाटीवरच्या बहुतेक ओळी इथूनच आल्या आहेत.

(दृश्य: पाण्याखाली कार्पचा थवा, तळाचा गाळ उकरताना.)

गोड्या पाण्यातल्या माशांचे इंग्लंडमध्ये दोन गट मानतात. सॅमन आणि ट्राउट एका बाजूला, उरलेले सगळे ‘कोर्स फिश’: रोच, टेंच, ब्रीम, पर्च, पाइक. त्यात सगळ्यांत मान कार्पला. हा मासा आपल्याला परका नाही. आपल्या तळ्यांत आणि धरणांत कटला-रोहूबरोबर त्याचंही बीज सोडतात आणि मत्स्यबीज केंद्रांवर त्याला सायप्रिनस म्हणतात. पवईच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद बसतात, तेही गळ टाकून मासे धरण्याचा हाच छंद जोपासतात.

कार्प दीर्घायुषी असतो, दशकं जगतो. म्हणून इंग्लंडमध्ये मोठ्या कार्पना नावं मिळतात. १३ सप्टेंबर १९५२ रोजी हेरफर्डशरमधल्या रेडमायर पूल या छोट्या तळ्यात रिचर्ड वॉकर यांच्या गळाला ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ वीस किलोंचा कार्प लागला. त्याला मारलं नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात तो राहिला आणि क्लॅरिसा या नावानं लोक त्याला बघायला जात. पुढे नॉर्दम्प्टनशरच्या ब्लूबेल लेक्समधली बेन्सन ही मादी गाजली. तिचं वजन ६४ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २९ किलोंपर्यंत गेलं होतं. वेगवेगळ्या माणसांनी तिला साठाहून अधिक वेळा धरलं आणि दर वेळी सोडून दिलं. २००९ मध्ये ती मेली, तेव्हा त्याची बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत आली.

साठ वेळा गळाला लागून मासा जिवंत कसा राहतो, याचं उत्तर या पाटीवर आहे.

(दृश्य: तळहातावर दोन गळ, अगदी जवळून.)

गळाच्या टोकाशी एक बारीक उलटा काटा असतो. आत रुतलेला गळ मागे सरकू नये, यासाठी तो. गळ काढताना हाच काटा माशाचा ओठ फाडतो. म्हणून बहुतेक तळ्यांवर काटा नसलेला गळ सक्तीचा असतो. मोठ्या कार्पच्या काही तळ्यांवर मात्र नियम उलटा आहे. मासा जोरात ओढत असताना बिनकाट्याचा गळ तोंडात हलतो आणि जखम रुंद करतो, असं तिथल्या जाणत्या लोकांचं म्हणणं. दोन्ही बाजूंचा अनुभव खरा आहे. म्हणून पाटी त्या त्या तळ्याची वाचायची, शेजारच्या तळ्याचा नियम इथे चालवायचा नाही.

गळाइतकीच महत्त्वाची त्याच्या वरची जोडणी, आणि ही ओळ नवखे हमखास नजरेआड करतात. कार्पसाठी तंगूसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला, जड वजन लावतात. मासा ओढताना तंगूस वरच तुटला, तर ते वजन आपोआप गळून पडलं पाहिजे. घट्ट बांधलेलं असेल तर मासा ते ओढत फिरतो, पाणवनस्पतीत अडकतो आणि तिथेच उपाशी मरतो. काठावर बसलेल्याला हे कळतही नाही. त्याच्या लेखी एक मासा सुटला, एवढंच. म्हणून अशी पक्की जोडणी बहुतेक ठिकाणी मना असते आणि तंगूस किती पौंडांचा हवा, हेही लिहिलेलं असतं.

(दृश्य: ओल्या गादीवर कार्प. एक हात त्याच्या अंगावर तांब्यातलं पाणी ओततो.)

आता ती काही मिनिटं, मासा पाण्याबाहेर असतानाची. माशाच्या खवल्यांवर बुळबुळीत थर असतो. रोगजंतूंपासून त्याचं रक्षण हाच थर करतो. कोरड्या हातानं धरलं, गवतावर किंवा खडीवर ठेवलं, की तो निघून जातो आणि त्या जागी बुरशी धरते. म्हणून हात ओले करायचे, गादीही ओली करायची. मासा उभं राहून छातीशी धरायचा नाही, गुडघे टेकून गादीच्या वर वीतभरच उचलायचा. वीस किलोंचा जीव हातातून निसटून जमिनीवर आपटला, तर बाहेरून जखम दिसणार नाही, पण आतून तो संपलेला असेल. कॅमेरा आधी तयार ठेवायचा, मासा नंतर बाहेर काढायचा.

माशाला दुखतं का, या प्रश्नावर फार काळ वाद चालला. २००३ मध्ये एडिनबर्गजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधल्या लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या डोक्यावर आणि ओठांवर वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. त्यावरही प्रतिवाद झाले. पण ज्याला या छंदाबद्दल मनापासून आस्था आहे, त्यानं तो वाद मिटायची वाट बघू नये, असं आम्हाला वाटतं. दुखत असेल असं धरूनच हात चालवावा.

धरलेले मासे दिवसभर पाण्यातल्या जाळीदार पिशवीत ठेवायची जुनी रीत आहे. या पिशवीला कीपनेट म्हणतात. कायद्यानं ती किमान दोन मीटर लांब हवी, तिच्या विणीत गाठी नकोत आणि कड्यांमधलं अंतर ४० सेंटिमीटरहून जास्त नको. पुष्कळ तळ्यांवर स्पर्धेचा दिवस सोडला तर कीपनेट चालतच नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि दाटीत कोंडलेले मासे गुदमरतात.

(दृश्य: आमिषाचे डबे. मका, कणकेचे गोळे, पेलेट्स.)

आमिषाचे नियमही याच धर्तीचे. कच्चे शेंगदाणे आणि टायगर नट नावाचे कंद पाण्यात फुगतात. न भिजवता, न शिजवता टाकले तर ते माशाच्या पोटात फुगतात. बेन्सन मेली तेव्हा पहिला संशय अशाच कच्च्या टायगर नटांवर गेला होता. जास्तीचं आमिष तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणून किती टाकायचं यालाही मर्यादा. काही तळ्यांवर तर तिथेच विकत मिळणारे पेलेट्स, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, सोडून दुसरे चालत नाहीत.

(दृश्य: पाण्यावर हंसांची जोडी आणि मागे पिल्लं.)

एक नियम मात्र माशांसाठी झालेला नाही. दळण दळल्यासारखं अन्न बारीक करायला हंस बारीक खडे गिळतात. गळ टाकणाऱ्यांच्या हातून पडलेले शिशाचे छर्रे ते खडे समजून गिळायचे. शिसं रक्तात भिनलं की स्नायू लुळे पडतात, मान उचलत नाही, गिळलेलं खाली उतरत नाही. थेम्सवरचे हंस असे मरत होते. १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं गळासाठी बंद झाली, छर्रे दुसऱ्या धातूंचे आले आणि हंसांची संख्या पुन्हा वाढली. एका साध्या नियमानं इतका स्पष्ट फरक पडल्याची उदाहरणं थोडी आहेत, म्हणून हे आवर्जून सांगायचं.

जाळं औषधात बुडवण्यामागे कोई हर्पिस विषाणू आहे. पाणी कोमट झालं की तो कार्पमध्ये झपाट्यानं पसरतो आणि त्यावर इलाज नाही. एका तळ्यातलं ओलं जाळं दुसऱ्या तळ्यात नेणं त्याला पुरतं. सप्टेंबर २०१० मध्ये केंब्रिजशरच्या ग्राफम वॉटरमध्ये ‘किलर श्रिम्प’ हा परदेशी झिंगा सापडला आणि त्यानंतर ‘तपासा, धुवा, वाळवा’ ही मोहीम सरकारी पातळीवर सुरू झाली. गादी आणि जाळं कडकडीत वाळवणं हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय.

(दृश्य: गणवेशातले अधिकारी काठावर बसलेल्या माणसाशी बोलताना.)

पाटी तळ्याच्या मालकाची, पण तिच्यामागे देशाचा कायदाही उभा आहे. तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला पर्यावरण खात्याचं रॉड लायसन्स लागतं. १३ ते १६ वर्षांच्या मुलांना ते फुकट मिळतं, तरी काढावं लागतं. नसेल तर दंड २,५०० पौंडांपर्यंत. तळ्याचं दिवसाचं तिकीट वेगळं. साध्या लायसन्सवर दोन रॉड लावता येतात, पण दोन्हींच्या मुठी तीन मीटरच्या आत हव्यात. गळ पाण्यात टाकून रॉड तसाच सोडून चहाला निघून जाणं हा गुन्हा आहे. मोठा कार्प रॉडसकट पाण्यात ओढून नेतो आणि मग सगळं त्याच्यामागे घसटत राहतं.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कोर्स फिश गरवायला बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ, आणि ही बंदी १८७८ च्या कायद्यापासून चालत आली आहे. आपल्या किनाऱ्यावरची पावसाळी बंदी ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. बहुतेक बंदिस्त तळ्यांना १९९५ पासून यातून सूट मिळाली. तिथे मालक ठरवेल तसं.

आणि एक नियम निव्वळ माणसाचा जीव वाचवणारा. आजचे रॉड कार्बनचे असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. पोल नावाचे बिनरिळाचे लांब रॉड तर काही पंधरा मीटरांहून लांब. वरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांच्यापासून ३० मीटरांच्या आत बसायचं नाही.

(दृश्य: काठावर एक कुटुंब. लहान मुलगी रॉड धरून बसली आहे.)

इंग्लंडमध्ये आता पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. त्यांतल्या कोकणातल्या मंडळींना गरी टाकून बसणं लहानपणापासून ठाऊक. त्यांच्यासाठी इथली सगळ्यांत मोठी अडचण ही की धरलेला मासा घरी नेता येत नाही. खासगी तळ्यातला मासा मालकाला न विचारता उचलणं १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार गुन्हा ठरतं. मासा एवढासा असला तरी. कालवणासाठीच मासा हवा असेल तर समुद्रकिनारी जावं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरून समुद्रात गळ टाकायला रॉड लायसन्स लागत नाही. मात्र तिथेही पुष्कळ जातींच्या माशांची लांबी मोजावी लागते. सी बास हा मासा ४२ सेंटिमीटरांहून लहान असेल, तर तो परत पाण्यात जातो.