चांदी, मिरी आणि मांजरपाट: सेलम बंदराची गोष्ट

[दृश्य: सकाळचं धूसर पाणी. समुद्रात सरळ गेलेला दगडी धक्का. टोकाला छोटं पांढरं दीपगृह.]

सेलम म्हटलं की आपल्याला तमिळनाडू आठवतं. हे सेलम वेगळं. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, बॉस्टनच्या ईशान्येला पंचवीसेक किलोमीटरवरचं. 1692 साली इथे चेटकिणींचे खटले चालले आणि निरपराध माणसं फासावर गेली. आजचे बहुतेक पर्यटक तीच जुनी गोष्ट शोधत येतात. गल्ल्या, दुकानं, चेटकिणीच्या टोप्या. पण त्या गर्दीकडे पाठ करून दहा मिनिटं पाण्याच्या दिशेने चाललात, तर तुम्ही या धक्क्यावर पोचता.

हा डर्बी धक्का. 1762 मध्ये बांधायला घेतला, आणि पुढची चाळीसेक वर्षं तो पाण्यात पुढे पुढे सरकत राहिला. जवळजवळ अर्धा मैल लांब. आज इथे लोक कुत्री फिरवायला येतात. कधीकाळी याच्या दोन्ही अंगांना वखारी होत्या, आणि उघड्या दारांतून मिरीचा वास रस्त्यापर्यंत यायचा.

1790 ची अमेरिकेची पहिली जनगणना पाहा. सेलमची वस्ती आठ हजारही नाही, 7,921. तरी देशातलं सहाव्या क्रमांकाचं शहर! आणि या एवढ्याशा गावाची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून मॉरिशस, मुंबई, कलकत्ता, सुमात्रा, चीनच्या कँटनपर्यंत जात होती.

आता प्रश्न असा, की या गावाजवळ विकायला होतं काय?

[दृश्य: लाकडी मांडवांवर वाळत घातलेले मासे. जुनं रेखाचित्र.]

मासे. खारवून वाळवलेला कॉड मासा. जमीन खडकाळ, हिवाळा लांब, शेतीवर पोट भरणं कठीण. समुद्र मात्र उदार. चांगल्या प्रतीचा मासा स्पेन-पोर्तुगालला जायचा. उरलेला हलका, तुटका माल वेस्ट इंडीजच्या बेटांवर जायचा, उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या पोटासाठी. तिथून साखर यायची, काकवी यायची. काकवीची रम व्हायची आणि ती पुन्हा जहाजावर चढायची. सेलमच्या भरभराटीचा पाया हा असा आहे, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या देखण्या हवेल्या बघताना तो विसरून चालणार नाही. 1638 सालीच 'डिझायर' नावाचं इथल्या किनाऱ्यावरचं जहाज वेस्ट इंडीजहून कापूस आणि तंबाखूबरोबर आफ्रिकी माणसंही घेऊन आलं होतं. माल म्हणून.

मग स्वातंत्र्ययुद्ध झालं. सेलमच्या दीडशेहून अधिक खाजगी जहाजांनी सरकारी परवान्यावर इंग्रजांची जहाजं पकडली. देश स्वतंत्र झाला, आणि इंग्लंडने वेस्ट इंडीजमधली आपली बंदरं अमेरिकी जहाजांना बंद केली. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक एका हुकमाने गेलं. धक्क्यावर मोठी, वेगवान जहाजं उभी, खलाशी रिकामे, मालक हवालदिल. पूर्वेकडची वाट धरली ती या अडचणीतून.

[दृश्य: तैलचित्र. एलायस हॅस्केट डर्बी.]

ज्याच्या घराण्याचं नाव या धक्क्याला आहे, तो हा एलायस हॅस्केट डर्बी. स्वतः कधी लांबच्या सफरीवर गेला नाही. पेढीवर बसून सगळा कारभार. 1786 मध्ये त्याचं 'ग्रँड टर्क' जहाज कँटनला पोचलं आणि पुढच्या वर्षी चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी घेऊन परतलं. नंतर त्याचा मुलगा मॉरिशसहून मुंबईला गेला. आणि 1789 च्या जूनमध्ये 'पेगी' नावाचं जहाज या बंदरात शिरलं, ज्याच्या पोटात मुंबईहून चढवलेल्या कापसाच्या गासड्या होत्या. मुंबईचा कापूस अमेरिकेच्या या किनाऱ्यावर उतरला तो पहिल्यांदाच.

या गासड्या लक्षात ठेवा. पुढे लागतील.

भारतात माल घ्यायचा तर द्यायचं काय? कॉड मासा मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला नको होता. त्याला हवी होती चांदी. म्हणून सेलमची जहाजं आधी युरोपातल्या बंदरांत मासे, साखर, तंबाखू विकायची, स्पॅनिश चांदीचे डॉलर गोळा करायची, पिंपांत भरायची आणि मग पूर्वेला निघायची. जाताना जहाज जवळजवळ रिकामं, फक्त तळाशी ती जड पिंपं. येताना कापड, नीळ, साखर, आलं, चामडी. कापडात आपली बांधणीसुद्धा होती. ठिपक्यांचे रेशमी रुमाल. अमेरिकेत आज ज्याला बंडाना म्हणतात, तो शब्द याच बांधणीचा. काउबॉयच्या गळ्यातला रुमाल आपल्या बांधणीचं नाव मिरवतो, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो.

आणि हे सगळं करणारी माणसं होती कोण? पोरं. 1792 मध्ये डर्बीचं 'बेंजामिन' जहाज निघालं तेव्हा त्याचा कप्तान नॅथॅनिएल सिल्सबी एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांतही एकविशी गाठलेला कोणी नव्हता. मालकाचं पत्र पोचायला महिनोन्महिने लागायचे, म्हणून भाव कुठे चांगला, माल कुठे उतरवायचा, प्रसंगी जहाजच विकून टाकायचं का, हे सगळं या पोरांनी ठरवायचं. खलाशालासुद्धा जहाजाच्या पोटात थोडी जागा मिळायची, स्वतःचा चार पैशांचा व्यापार करायला. शेजारची म्हातारी त्याच्या हातात दोन-चार डॉलर ठेवायची, 'येताना माझ्यासाठी काही घेऊन ये' म्हणून. जहाज परत येणं ही निम्म्या गावाच्या जिवाची गोष्ट होती.

[दृश्य: जहाजाची रोजवही. पिवळा कागद, तिरकं अक्षर.]

ही रोजवही 1796 ची. जहाजाचं नाव 'अमेरिका', कप्तान जेकब क्राउनिनशील्ड, निघालं कलकत्त्याहून. सेंट हेलेना बेटावर थांबून भोपळे, कोबी, ताजे मासे घेतल्याची नोंद आहे. आणि पुढे: हत्तीसाठी पाला. होय, जहाजावर हत्ती होता! हत्तीण होती म्हणे, लहान वयाची. एप्रिलमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली, अमेरिकेच्या भूमीवरचा पहिला हत्ती. ही नोंद लिहिणारा अधिकारी होता नॅथॅनिएल हॅथॉर्न, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या हॉथॉर्नचा बाप. 1808 मध्ये सुरिनामला पीतज्वराने तो गेला, तेव्हा मुलगा चार वर्षांचाही नव्हता.

[दृश्य: समुद्रकिनारा, फुटणाऱ्या लाटा, मिरीचे वेल.]

पण सेलमला खरं श्रीमंत केलं ते मिरीने.

कप्तान जोनाथन कार्न्सला सुमात्राच्या वायव्य किनाऱ्यावर मिरी थेट मिळते असा सुगावा लागला. 1795 च्या नोव्हेंबरमध्ये तो 'राजा' नावाचं छोटं जहाज घेऊन निघाला. कुठे चाललो हे कोणाला सांगितलं नाही. दीड वर्षाने परतला तो पोतंबितं काही नाही, सगळं जहाज सुट्या मिरीने भरून. नफा सातशे टक्के, असं सेलममध्ये सांगतात. मग काय, गावातल्या प्रत्येक मालकाला कार्न्सचा मार्ग हवा झाला. तो गुपित फार दिवस सांभाळू शकला नाही.

सुमात्राच्या या भागाचं नाव आचे. आचेच्या किनाऱ्यावर धड बंदर असं नव्हतं. जहाज बाहेर नांगरायचं, होड्या लाटांतून किनाऱ्याला लावायच्या, मिरी तागडीत तोलायची, चांदी मोजून द्यायची. एका गावात माल पुरेना म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या गावी जायचं. मोजमापात लबाड्या चालत आणि संशय दोन्हीकडे साचत गेला. 1831 मध्ये क्वाला बातूला सेलमच्या 'फ्रेंडशिप' जहाजावर हल्ला झाला, तीन खलाशी मारले गेले. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारने 'पोटोमॅक' ही युद्धनौका पाठवून ते गावच जाळलं. शंभराहून अधिक माणसं मेली, त्यांत बायका-मुलंही होती. हे सांगितल्याशिवाय मिरीची गोष्ट मला पुरी करता येत नाही.

आलेली सगळी मिरी अमेरिका थोडीच खाणार? बरीचशी पुन्हा जहाजावर चढून युरोपात जायची. तिकडे नेपोलियनची युद्धं पेटलेली, लढणाऱ्या देशांची जहाजं असुरक्षित, अमेरिका तटस्थ. म्हणून माल वाहायचं काम सेलमच्या वाट्याला आलं. स्वतःकडे पिकत काही नाही, पण जगाचा माल इकडून तिकडे करायचा: हा या गावाचा धंदा. 1839 मध्ये नगरमुद्रा ठरली तेव्हा तिच्यावर मिरीच्या देशातला, आचेचा माणूस काढला गेला.

[दृश्य: सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं उपकरण, त्याचा जवळून शॉट. पितळ, आरसा, आकडे.]

चांदी आणि शिडं सगळ्यांकडेच होती. सेलमकडे आणखी एक गोष्ट होती. हिशेब.

नॅथॅनिएल बाउडिच. 1773 मध्ये इथेच जन्मला. गरिबीमुळे शाळा लहानपणीच सुटली, जहाजाचं सामान विकणाऱ्या दुकानात उमेदवारी केली, गणित आपलं आपण शिकला. त्या काळी सगळे जे इंग्रजी नौकानयनाचं पुस्तक वापरत, त्यातल्या कोष्टकांत याने हजारो चुका काढल्या. समुद्रात आकड्याची चूक म्हणजे खडकावर जहाज. 1802 मध्ये त्याचं स्वतःचं पुस्तक आलं, आणि सुधारित आवृत्त्यांतून ते आजही निघतं. चंद्र आणि एखादा तारा यांच्यातला कोन मोजून रेखांश कसा काढायचा, हे त्याने साध्या खलाशाला समजेल असं मांडलं.

1803 च्या नाताळच्या रात्री 'पुटनम' जहाज घेऊन तो घरी येत होता. हवा इतकी वाईट, की काही दिसेना. बेकर्स बेटावरच्या दिव्याची एक झलक मिळाली, तेवढ्यावर आणि आपल्या आकड्यांवर विसंबून त्याने जहाज सुखरूप आत आणलं.

आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. 1817 मध्ये क्राउनिनशील्ड घराण्याची नौका इटलीत जिनोआला लागली होती. फॉन झाख नावाचा मोठा खगोलशास्त्रज्ञ ती बघायला आला. चौकशी केली तर कळलं, इथला स्वयंपाकीसुद्धा रेखांश काढतो. बोलावलं. कृष्णवर्णीय माणूस, अंगावर पांढरं ॲप्रन, एका हातात कोंबडी, दुसऱ्या हातात सुरी. झाखने त्याला प्रश्न विचारले आणि त्याने गणिताच्या पद्धतीसकट नीट उत्तरं दिली. झाखने हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

[दृश्य: ईस्ट इंडिया मरीन हॉल. उंच खिडक्या.]

1799 मध्ये सेलमच्या दर्यावर्दींनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली. सभासदत्वाची अट एकच, पण कडक: केप ऑफ गुड होप किंवा दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घातलेला कप्तान किंवा मालाचा कारभारी हवा. मेलेल्या सोबत्यांच्या बायका-मुलांना मदत, सफरींच्या रोजवह्या जमवणं, आणि देशोदेशींच्या वस्तूंचा संग्रह. आजचं पीबॉडी एसेक्स म्युझियम त्यातूनच उभं राहिलं.

त्या संग्रहात 1803 पासून एक चित्र आहे. पांढरा अंगरखा, डोक्यावर पगडी, शांत नजर. हे मुंबईचे नसरवानजी माणेकजी वाडिया. मुंबईत येणाऱ्या अमेरिकी कप्तानांचं काम बघणारे पारशी व्यापारी. चित्र काढलं एका चिनी चित्रकाराने. मुंबईचा माणूस, चीनचा कुंचला, अमेरिकेची भिंत. त्या कप्तानांना परक्या बंदरात या माणसाचा आधार वाटत असणार, नाहीतर एवढ्या लांब कोण कोणाची तसबीर वाहून नेतो?

[दृश्य: रिकामा धक्का. वाऱ्याचा आवाज.]

1807 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी परदेशी व्यापारावर बंदी घातली. जहाजं धक्क्याला बांधून पडली. पाठोपाठ इंग्लंडशी 1812 चं युद्ध आलं. बंदर पुन्हा उभं राहिलं खरं, 1819 मध्ये नवी जकात कचेरीही बांधली, पण जहाजं मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी लागू लागलं आणि सेलमचं बंदर उथळ. बॉस्टन माल ओढू लागलं.

आणि आता त्या गासड्या. 1793 मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या कष्टावर कापसाचं पीक अफाट वाढलं. मॅसॅच्युसेट्समध्ये गिरण्या उभ्या राहिल्या, आणि 1816 मध्ये सरकारने बाहेरच्या स्वस्त सुती कापडावर अशी जकात बसवली की भारताच्या साध्या कापडाची तिथली वाटच बंद झाली. जे गाव आपल्याकडून कापड नेत होतं, त्याच गावाची जहाजं थोड्याच वर्षांत उलट्या दिशेने कापड घेऊन निघाली. झांझिबारला. गिरणीतलं जाडंभरडं, न धुतलेलं मांजरपाट. पूर्व आफ्रिकेत त्याला नाव पडलं 'मेरिकानी'.

झांझिबारला अमेरिकेचा पहिला वकील, म्हणजे सरकारी प्रतिनिधी, 1837 मध्ये गेला, तोही सेलमचाच, रिचर्ड वॉटर्स. आणि तिथल्या जकातीचा मक्ता होता कच्छच्या जयराम शिवजी या भाटिया व्यापाऱ्याकडे. सेलमचं मांजरपाट आत यायचं, हस्तिदंत आणि वार्निशासाठी लागणारा कोपल डिंक बाहेर जायचा, आणि मध्ये एक कच्छी माणूस चोपडी घेऊन बसलेला.

[दृश्य: दीपगृहाचा दिवा लागतो. ओहोटी.]

टोकाचं हे दीपगृह 1871 मधलं. ते उभं राहिलं तेव्हा पूर्वेहून येणारी जहाजं जवळजवळ थांबली होती. ओहोटी लागली की धक्क्याच्या कडेचे जुने दगड उघडे पडतात, हिरव्या शेवाळाने माखलेले. 'पेगी' इथेच कुठेतरी लागली असेल.