गाळ्यात अडकलेला पैसा राबतोय किती?

नमस्कार मंडळी. "यंदा टर्नओव्हर वाढला" असं कुणी सांगितलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: किती पैसा अडकवून?

समजा, ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एक गाळा आहे, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, पार्ट बनतात. वर्षाची विक्री 2 कोटी 40 लाख. ताळेबंदातली सगळी मालमत्ता, म्हणजे मशिनरी, माल, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे), बँक शिल्लक, वर्षाच्या सुरुवातीला 1 कोटी 40 लाख आणि शेवटी 1 कोटी 80. सरासरी 1 कोटी 60. विक्रीला तिने भागा. आलं 1.5. गुंतलेल्या रुपयामागे दीड रुपयाची विक्री. हाच ॲसेट टर्नओव्हर रेशो.

आता हा बरा की वाईट? शेजारच्या तशाच गाळ्याशी ताडून बघा, स्वतःच्या मागच्या वर्षाशी बघा. वाशीच्या एपीएमसीतल्या धान्य व्यापाऱ्याशी मात्र नको. त्याचं मार्जिन पातळ, पोती आज आली की उद्या गेली.

पैसा नेमका अडकतो कुठे? बहुतेक वेळा येण्यांत. समजा येणी 59 लाख. भागिले विक्री, गुणिले 365: बिलाचे पैसे हातात यायला साधारण 90 दिवस. पण थांबा, येण्यांत 18 टक्के जीएसटी धरलेला आहे, विक्रीच्या आकड्यात तो नाही! तो काढला की 50 लाख, म्हणजे 76 दिवस. ही गफलत भलेभले करतात.

76 सुद्धा जास्तच. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाला 2006 च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर 15. पार्टी तुटेल म्हणून कुणी बोलत नाही, हा भाग वेगळा. वसुली 45 वर आली तर जीएसटीसकट 24 लाख सुटतात. त्यातून कॅश क्रेडिट (धंद्यासाठी बँकेकडून उचललेलं कर्ज) फेडलं तर मालमत्ता तेवढीच घटते आणि रेशो 1.76 च्या घरात जातो, विक्री एक रुपया न वाढता. व्याज वाचतं ते वेगळंच.

आणि जुन्या मशीनवाल्यांनो, रेशो भारी आला म्हणून हुरळू नका. 50 लाखांचं मशीन उरलेल्या किमतीवर दरसाल 15 टक्के घसाऱ्याने दहा वर्षांत पुस्तकात जेमतेम 10 लाखांचं उरतं. भाजक आटला की रेशो आपोआप फुगतो, आणि नवं मशीन घेणारा शेजारी कागदावर उगाच आळशी ठरतो. म्हणून सीएकडून मशिनरीची मूळ खरेदी किंमत मागून घ्या आणि तिच्यावरही एकदा हिशेब करून बघा.