ट्रायपॉड आणायला कोण जाणार?

[पडदा काळा. कूलरची घरघर. खटका दाबल्याचा आवाज. शांतता.]

कूलर बंद केला. आता हे निवेदन संपेपर्यंत मी घामाघूम होणार, त्याला इलाज नाही. नागपूरचा मे महिना आहे, आणि कूलर चालू ठेवून बोललो की लडाखातल्या झंस्कारच्या खिंडीतसुद्धा आमच्या बैठकीतला वारा सुटतो. एकदा तसं झालंय. अख्खा भाग पुन्हा बोलावा लागला.

[दृश्य : करडा उघडा डोंगर. पायवाटेवर सॅक घेतलेली दोन माणसं कॅमेऱ्यापासून दूर चाललीत.]

मागे आहे ती माझी ताई. पुढे भाऊजी. ऑगस्ट २०२४ मध्ये हे दोघं हिमाचलातल्या दारचापासून लडाखातल्या लामायुरूपर्यंत चालत गेले. मधे अख्खं झंस्कार. बावीस दिवस. किलोमीटर विचारू नका. भाऊजींचं घड्याळ एक आकडा सांगतं, ताईचा फोन दुसरा, आणि त्यावरून आमच्याकडे अजून जेवणाच्या ताटावर वाद होतो.

शॉट छान आहे नं? मग सांगा, कॅमेरा कोणी धरलाय?

कोणीच नाही. होतेच दोघं. ट्रायपॉड रोवला, बटण दाबलं, चालायला लागले. वळणापलीकडे गेल्यावर एकानं सॅक उतरवली, मागे आला, कॅमेरा उचलला आणि तीच वाट पुन्हा धरली. तुम्ही एकदा बघता ती वाट कोणीतरी तीनदा तुडवलेली असते. हे मलाही एडिटिंगला बसेपर्यंत सुचलं नव्हतं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक क्लिपला शेवटी एक शेपूट आहे. लांबून एक ठिपका येतो, त्याचा माणूस होतो, माणसाच्या धापा ऐकू येतात, एक पंजा भिंगावर येतो, अंधार. अशी शेपटं कापण्यात माझा हिवाळा गेला.

ताईच्या वहीत याचा हिशेब आहे. एका पानावर दोन रकाने, एक तिचा, एक भाऊजींचा, त्यात काड्या. पाचवी काडी आडवी.

[दृश्य : वहीचं पान. पेन्सिलच्या रेघा, एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग.]

चालायचा सराव नागपुरातच झाला. आपलं शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, आणि पोळपाटासारखं सपाट. चढ पाहिजे तर सेमिनरी हिल्स, नाहीतर रविवारी रामटेकच्या पायऱ्या. भाऊजी सॅकमध्ये दहा किलो तूरडाळ भरून फुटाळा तलावाला चकरा मारायचे. रोजचे फिरणारे काका एकदा थांबले, "काहून भाऊ, घर सोडून चालले काय?" भाऊजी म्हणाले, "नाही काका, डाळीला हवा खायला आणलं."

पाय तयार झाले. उंचीची तयारी मात्र इथे होत नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो, आणि शरीराला त्याची सवय तिथे राहूनच लागते. तीन हजार मीटरच्या वर गेलं की रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसतं बसायचं. म्हणून मनालीहून निघाल्यावर, ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा पार करून, दोघं तीन रात्री जिस्पाला पडून होते. त्याचं फुटेज मी वापरलेलं नाही. त्यात भाऊजी मोजे वाळत घालतात.

[दृश्य : धूळ. एक टिप्पर जातो. धुळीतून दोन आकृत्या.]

दारचा सोडलं आणि पायवाट संपून रस्ता सुरू झाला. चुकून उलटं बोललो नाही. निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला. तिकडे ‘ला’ म्हणजे खिंड. २६ जुलैला शिंकुन ला खिंडीखालच्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचा पहिला सुरुंग उडाला. त्यानंतर काहीच आठवड्यांनी हे दोघं तिथून गेले. वर्षानुवर्षं लोक जी वाट तुडवायला जायचे, तिच्यावर आता डंपर. पहिल्या दिवसाच्या क्लिपांत ताईची कुरकुर भरपूर आहे. करग्याक गावात ज्यांच्या घरी राहिले, त्या आजीला तिनं विचारलं, रस्ता आवडला का? आजीनं आपल्या गुडघ्यावर थाप मारली. एवढंच. ताईची कुरकुर त्यानंतर मला कुठल्याही क्लिपमध्ये सापडली नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

पण करग्याक खिंडीच्या पलीकडे आहे. अलीकडे रामजाक आहे, खिंडीआधीचा मुक्काम.

[पडदा काळा. फक्त आवाज. वारा, कापडाची सळसळ.]

हे चार मिनिटं अकरा सेकंदांचं आहे आणि यात चित्र नाही. फोन खिशात होता, रेकॉर्डिंग कसं सुरू झालं दोघांनाही माहीत नाही. उंची साधारण ४३०० मीटर. ताईचं डोकं संध्याकाळपासून दुखत होतं, रात्री दोनदा उलटी झाली. उंचीच्या त्रासाची गोळी घेतलेली होती, तरीही.

"इथून त्या दगडापर्यंत चाल. टाच अंगठ्याला लावून."

"दारू प्यायलेय का मी?"

"चाल म्हणतो नं."

[खडीचा आवाज. थांबत, थांबत.]

"अकरा पावलं. सरळ गेलीस."

"मग सकाळी वर?"

"खाली."

"अरे, पण सरळ गेले नं मी?"

"खाली."

ही परीक्षा गंमतीची नाही. उंचीचा त्रास मेंदूपर्यंत पोचला, की आधी तोल जातो. माणूस रेघेवर चालू शकत नाही. ताई चालली. पण डोकेदुखी आणि उलट्या होत असताना आणखी वर चढायचं नसतं, वाढत गेल्या तर उतरायचं. उजाडायची वाट न बघता दोघं पाचशे मीटर खाली आले. पहाटेच्या शॉटसाठी भाऊजींनी ट्रायपॉड संध्याकाळीच वरच्या टेकाडावर रोवून ठेवला होता. तिला तंबूत एकटं ठेवून तो आणायला जाणं शक्यच नव्हतं. राहिला तो तिथेच.

[दृश्य : टेकाड. दगडांत उभा ट्रायपॉड.]

दोन दिवसांनी, ताई चहा मागून भांडायला लागल्यावर, पुन्हा चढले. ट्रायपॉड उभा होता. जवळ गेल्यावर दिसलं की तिन्ही पायांना कोणीतरी दगड लावून ठेवलेत, वाऱ्यानं पडू नये म्हणून. चपटे, नीट निवडलेले. आजूबाजूला माणूस नाही, फक्त याकचं शेण. मेंढपाळ असेल, रस्त्याचा मजूर असेल. वहीच्या पानावर त्या दिवशी ताईनं तिसरा रकाना आखला. त्यात एकच काडी आहे.

[दृश्य : खिंड. पताका. मग मोठा कुरणाचा सपाट पट्टा आणि मधोमध एकच उभा सुळका.]

हा गुंबोक रांगन. तिथले लोक याला पवित्र मानतात. याच्या पायथ्याशी आमच्या घरातला दोन लिटरचा कुकर शिट्टी देतोय, ऐका. कुकर न्यायचा की नाही यावरून नागपुरात आठ दिवस धुसफूस होती. पाठीवर एक-एक ग्रॅम मोजणारे भाऊजी आणि वरण-भाताशिवाय तिसऱ्या दिवशी चिडणारी ताई. पण साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ दिवसभर नुसती पोहत राहते. झंस्कारच्या स्वयंपाकघरांतही कुकर दिसतात ते उगाच नाहीत. ताई जिंकली. कुकर मात्र भाऊजींनी वाहिला.

करग्याकच्या आजीनं त्साम्पा दिला, भाजलेल्या जवाचं पीठ, लोणी-मिठाच्या चहात कालवून. ताईनं एक घास घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "हा तर सातू आहे!" खरंच आहे ते. मराठीत सातू हे मुळात जवाचंच नाव. आपल्याकडे त्यात गहू-हरभरा आला आणि मिठाच्या जागी गूळ.

[दृश्य : नदीकाठची दरी. कड्यातली गुहा, तिच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लगडलेली पांढरी घरं.]

फुगताल गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. पुरने गावातून त्सारप नदीच्या काठाकाठानं इथे पोचता येतं. याच नदीत २०१४ च्या शेवटच्या दिवशी दरड कोसळली, पाणी तुंबलं, मोठा तलाव झाला आणि मे २०१५ मध्ये फुटला. खालच्या अंगाचे पूल गेले. आज हे पाणी किती निवांत दिसतंय.

इथे एक गृहस्थ राहून गेलेत, त्यांच्याबद्दल थोडं बोलतोच. अलेक्झांडर चोमा द कोरोश. हंगेरीचे. आपल्या लोकांचं मूळ आशियात कुठे सापडतं ते शोधायला निघाले, बहुतेक वाट पायी कापत, आणि १८२० च्या दशकात झंस्कारला येऊन अडकले ते तिबेटी भाषेत. लामांच्या शेजारी बसून शब्द गोळा केले. १८३४ साली कलकत्त्याला त्यांचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापून निघाला. भाऊजी गोम्पाच्या भिंतीला टेकून हे सगळं कॅमेऱ्याला सांगतात आणि शेवटी म्हणतात, "यांच्याकडे ट्रायपॉड नव्हता, म्हणून एवढं काम झालं."

[दृश्य : नागपूर. देवघर, समई. टीपॉयवर फोन.]

इकडे घरी नऊ दिवस फोन नाही. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही. पोस्टपेड घेऊन गेले होते, पण टॉवरच नसेल तर ते तरी काय करणार? आणि सॅटेलाइटवरून निरोप धाडणारं यंत्र आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाही. आई काही बोलायची नाही. संध्याकाळी दिवा लावला की फोन चार्जिंगला लावायची, शंभर टक्के असला तरी. झंस्कारचं मुख्य गाव पदुम, तिथून फोन आला तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "डाळ शिजते का तिकडे?" रामजाकचं तिला आम्ही दिवाळीत सांगितलं.

पदुमच्या पुढचं मी भराभर नेतो. ओढे सकाळीच ओलांडायचे, दुपारी वरचा बर्फ वितळून तेच ओढे कमरेला लागतात. लिंगशेडला पोचायला तीन दिवस घाम गाळला आणि गावात बघतात तर जीप उभी. सेंगे लाच्या चढावर भाऊजींचा बूट उसवला, तो दाभणानं शिवला. बस.

[दृश्य : प्रिंकिती लाच्या उतारावरची पिवळी माती. खाली लांब लामायुरूची घरं. दोघं कॅमेऱ्यापासून दूर जातायत.]

हा बाविसाव्या दिवसाचा शेवटचा शॉट. याचं शेपूट मी कापलेलं नाही.

ते चालतायत. वळण आलं. गेले. आता एक जण परत यायला हवा.

[रिकामी वाट. वारा.]

कोणी येत नाही. वहीत बघितलं, दोन्ही रकाने त्या दिवशी सारखे होते. ताईला वाटलं भाऊजींचा नंबर, भाऊजींना वाटलं ताईचा. मूळ क्लिपमध्ये अकरा मिनिटं असंच आहे. मी ते तुमच्यासाठी थोडं आटपतो.

[डावीकडून एक बाई येते. पाठीवर गवताचा भारा. ट्रायपॉडपाशी थांबते. वाकून भिंगात बघते, चेहरा पडदाभर. मागे वळून दरीकडे तोंड करते आणि लडाखी नमस्काराची हाक घालते.]

"जुऽऽले!"

[लांब, वळणाच्या पलीकडून, दोन ठिपके. दोघंही पळत येतायत.]