शेवटी येणाऱ्याचा हक्क

नमस्कार, श्रोतेहो. इंदूरच्या रामबागेत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवत असेल. आमच्या घरी पहाटे तो पेटवायचं काम माझ्याकडे होतं. ते शिक्षण पुढं पन्नास वर्षांनी, थेट आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे कामाला आलं.

मुलगी हेलसिंकीला असते. गेल्या सप्टेंबरात ती मला फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँडमधल्या ऊर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेली. १९८३ सालचं हे उद्यान अडीच हजार चौरस किलोमीटरांचं. आत गाडीरस्ता संपतो आणि पाठीवरचं ओझं सुरू होतं. दिवसभर चालल्यावर संध्याकाळी ओढ्याकाठी लाकडी खोपी दिसली. फिनिश लोक हिला ‘औतिओतुपा’ म्हणतात. कुलूप नाही, भाडं नाही, राखणदारही नाही. एक-दोन रात्री राहायचं आणि पुढं निघायचं. आत फळ्यांचा लांबलचक माच, एक मेज, लोखंडी शेगडी. वीज नाही. पाणी ओढ्याचं. संडास बाहेर, झाडांत. रात्री तिकडे जायचा विचारच मी तीनदा केला!

शेगडी मी पेटवणार म्हणालो. ढलप्या रचल्या, काडी लावली, आणि खोली धुरानं भरली. धुराड्याची झडप उघडायची राहिली होती. खोकत दोघं बाहेर. बंबाला झडप नव्हती हो आमच्या! मग मुलीनं भूर्जाच्या सालीची पापुद्र्यासारखी पट्टी हातात दिली. ही साल तेलकट असते, ओली असली तरी भुरभुर पेटते. हिमालयातल्या हिच्याच भावकीतल्या झाडाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या. इथं तिच्यावर चहा होतो.

रात्री दहाला दार वाजलं. पावसात निथळत तिघं आत आले. आम्ही माचावर ऐसपैस पसरलेलो. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, सरका. इथं शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला.’’ जो आधी आला तो शेकला, जेवला, त्याचे कपडे वाळले. मग जागा कमी पडली तर उठून तंबूत जायचं त्यानं. श्रोतेहो, मी आयुष्यभर पॅसेंजरच्या डब्यात दाराशी उभं राहून ‘जागा नाही, पुढं जा’ म्हणणारा माणूस. सरकलो. इंदुरी शेवेची पुडी फोडली, पाच जणांत संपली.

सकाळी निघण्याआधी लाकडं फोडली. जेवढी जाळली, त्याहून जास्त. बारीक ढलप्या आणि साल शेगडीशेजारी कोरड्या ठेवल्या, म्हणजे गारठलेल्या हातांनाही काडी लावता यावी. उरलेली दुसरी पुडी फळीवर ठेवत होतो, तर मुलीनं उचलली. ‘‘उंदीर येतात, बाबा.’’

दाराशी वही असते. कोण आलं, कुठं निघालं ते लिहायचं; कुणी हरवलं तर शोधायला सोपं. मी देवनागरीत लिहिलं : दोघं, इंदूर. झडप आधी उघडा.