स्मिल्यान ते दाल्य : क्रोएशियाच्या सर्बांची गोष्ट

(दृश्य : पन्नास सेंटचं युरो नाणं. कॅमेरा जवळ जातो, चेहरा स्पष्ट होतो.)

१ जानेवारी २०२३ला क्रोएशियाने आपलं कुना हे चलन सोडलं आणि युरो स्वीकारला. युरोच्या नाण्याची एक बाजू सगळ्या देशांत सारखी असते, दुसरी ज्याची त्याने ठरवायची. दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या नाण्यांसाठी क्रोएशियाने निकोला टेस्लाचा चेहरा निवडला. त्याची कुणकुण लागली तेव्हाच, २०२१मध्ये, शेजारच्या सर्बियाच्या राष्ट्रीय बँकेने हरकत घेतली होती. टेस्ला सर्ब होता, तो दुसऱ्याच्या नाण्यावर कसा?

सर्बियाचा हक्क वरवर पाहता पक्का दिसतो. त्यांच्या शंभर दिनारच्या नोटेवर टेस्ला आहे. राजधानी बेलग्रेडच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. त्याची रक्षासुद्धा बेलग्रेडच्या संग्रहालयात एका सोनेरी गोळ्यात ठेवलेली आहे. आणि तरी या माणसाने बेलग्रेड अख्ख्या आयुष्यात एकदाच पाहिलं, १८९२च्या जूनमध्ये, तेही धावत्या भेटीत. त्याचं जन्मगाव स्मिल्यान. ते आजच्या क्रोएशियात आहे.

(दृश्य : लिका प्रांत. उघडे डोंगर, मधूनच एखादं घर.)

या डोंगराळ मुलखात सर्ब आले कुठून? उत्तर तुर्कांच्या लढायांत आहे. सोळाव्या शतकापासून हाब्सबुर्ग सम्राटांनी ऑटोमन फौजांना अडवण्यासाठी इथे लष्करी सरहद्दीचा लांबलचक पट्टा उभा केला. तुर्की मुलखातून निघून आलेल्या ऑर्थोडॉक्स कुटुंबांना या पट्ट्यात जमीन मिळाली, आणि जमिनीच्या बदल्यात घरटी माणूस फौजेत. १६३०मध्ये सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने त्यांतल्या अनेकांच्या हक्कांची सनदच काढली. शेजारी कॅथलिक क्रोएट. बोली जवळपास एकच, पण चर्च वेगळं, लिपी वेगळी, सणांच्या तारखा वेगळ्या. ही सरहद्द १८८१मध्ये मोडली आणि तो मुलूख क्रोएशियात आला. माणसं होती तिथेच राहिली.

टेस्ला याच पट्ट्यात १० जुलै १८५६ला जन्मला. वडील मिलुतिन ऑर्थोडॉक्स पाद्री. आई जुका शाळेत गेलेली नव्हती, पण सर्ब वीरगाथा तिला तोंडपाठ होत्या आणि घरकामाची हत्यारं ती स्वतः बनवायची. आपली कल्पकता आईकडून आली, असं टेस्ला सांगायचा. शाळा गोस्पिच आणि कार्लोवात्सला झाली. पुढचा टेस्ला आपल्याला ठाऊक आहे: फिरतं चुंबकीय क्षेत्र, एसी मोटर, नायगरा. १८९६मध्ये न्यूयॉर्कला त्याची आणि स्वामी विवेकानंदांची गाठ पडली होती, तेही अनेकांनी वाचलेलं असतं.

१९३६ साली त्याची ऐंशी वर्षं पूर्ण झाली. क्रोएट नेते व्लाद्को माचेक यांनी अभिनंदन कळवलं. टेस्लाने तारेने उत्तर धाडलं: आपल्या सर्ब कुळाचा आणि क्रोएशिया या मायभूमीचा मला सारखाच अभिमान आहे.

हे वाक्य आज दोन्ही बाजू वापरतात, बहुतेक वेळा आपल्या सोयीचा अर्धा भाग. पण ते न्यूयॉर्कहून लिहिलेलं होतं, हे कोणी फारसं बोलत नाही. टेस्ला १८८४मध्ये अमेरिकेला गेला तो गेलाच. ज्यांना त्याच मातीत राहायचं होतं, त्यांना हे वाक्य एवढ्या स्वस्तात मिळणार नव्हतं.

(दृश्य : डॅन्यूबचं रुंद पात्र. काठावर दाल्य गाव.)

देशाच्या दुसऱ्या टोकाला, डॅन्यूबच्या काठी, दाल्य नावाचं गाव आहे. इथल्या एका सधन सर्ब घरात २८ मे १८७९ला मिलुतिन मिलांकोविच जन्मला. या माहितीपटातला माझा सगळ्यात आवडता माणूस हाच. पोर किरकोळ प्रकृतीचं, म्हणून सुरुवातीचं शिक्षण घरीच. मग ओसियेकची शाळा, तिथे व्लादिमिर वारिचाक हे गणिताचे पट्टीचे शिक्षक. व्हिएन्नात तो इंजिनीअर झाला, १९०४मध्ये डॉक्टरेट मिळवली, आरसीसीच्या बांधकामात पेटंट घेतली. पैसा चांगला मिळत होता. १९०९मध्ये बेलग्रेड विद्यापीठाने बोलावलं आणि हा गडी व्हिएन्नाची कमाई सोडून प्राध्यापकाच्या पगारावर गेला. त्याला मोठा प्रश्न हवा होता, आणि सापडलाही. पृथ्वीवर हिमयुगं का येतात?

१९१४च्या जूनमध्ये त्याचं लग्न झालं. नवी जोडी दाल्यला आली आणि महायुद्ध पेटलं. मिलांकोविच आता सर्बियाचा नागरिक होता, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लेखी शत्रू. जन्मगावातच त्याला अटक झाली. कोठडीचं दार बंद झाल्यावर आपण काय केलं, हे त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. पेटीत कागद होते. ते काढले, टेबलावर पसरले आणि गणित पुढे सुरू केलं. पत्नीने आणि व्हिएन्नातल्या एका जुन्या प्राध्यापकाने खटपट करून त्याला बुडापेस्टला हलवलं. पोलिसांकडे हजेरी लावायची एवढीच अट. उरलेलं युद्ध त्याने हंगेरियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात काढलं. शत्रूच्या राजधानीत, शत्रूच्याच पुस्तकांवर.

(दृश्य : अॅनिमेशन. सूर्याभोवती फिरणारी कललेली पृथ्वी.)

त्याचा सिद्धांत थोडक्यात असा. पृथ्वीची कक्षा सुमारे लाख वर्षांच्या फेऱ्यात कमीजास्त लांबट होते. तिच्या आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांत साडेबावीस अंशांच्या जरा खालून साडेचोवीसपर्यंत जातो आणि परत येतो. शिवाय आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ऋतूंचं आणि सूर्यापासूनच्या अंतराचं गणित साधारण २३ हजार वर्षांत बदलतं. कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. स्कॉटलंडच्या जेम्स क्रोलने ती एकोणिसाव्या शतकातच मांडली होती, पण त्याचा भर कडक हिवाळ्यावर होता. हवामानशास्त्रज्ञ कोपेन यांनी मिलांकोविचला नेमकी उलटी दिशा दाखवली: हिवाळा सोड, उन्हाळा बघ. उत्तरेकडचा उन्हाळा थंड गेला तर आधीचा बर्फ वितळत नाही, त्यावर नवा साचतो. मग मिलांकोविचने गेल्या साडेसहा लाख वर्षांत उत्तर अक्षांशांवर उन्हाळ्यात किती ऊन पडलं, ते हाताने मोजलं. संगणक नव्हता. शंभर दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत तो आकडे मांडत होता.

१९४१मध्ये त्याचा मोठा ग्रंथ छापून होत आला आणि ६ एप्रिलला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले. छापखाना उद्ध्वस्त झाला. छापलेली बरीच पानं गोदामात होती म्हणून वाचली. ग्रंथ जर्मन भाषेत होता, हेही सांगून ठेवतो.

हयातीत त्याच्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. १९५८मध्ये तो गेला. १९७६मध्ये तीन शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या तळाचा गाळ तपासला. साडेचार लाख वर्षांच्या थरांत तीच चक्रं निघाली.

अजून एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. १९२३मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ऑर्थोडॉक्स चर्चची परिषद भरली, तेव्हा मिलांकोविचने चर्चचं जुनं ज्युलियन कॅलेंडर दुरुस्त करून दिलं. ते आपल्या रोजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरपेक्षा अचूक आहे. दोघांत पहिला फरक पडेल तो थेट २८०० साली. ग्रीक आणि रुमानियन चर्चने ते घेतलं. त्याच्या स्वतःच्या सर्ब चर्चने मात्र घेतलं नाही. तिथे नाताळ अजून ७ जानेवारीलाच येतो.

मिलांकोविचची समाधी आज दाल्यमध्येच आहे आणि घर दुरुस्त करून संशोधनकेंद्र केलंय.

(दृश्य : ग्लिना शहर. बाजारचौक.)

क्रोएशियाचं राष्ट्रगीत अंतुन मिहानोविच या क्रोएट कवीचं. चाल योसिफ रुन्यानिनची मानली जाते. विंकोव्त्सीत जन्मलेला हा सर्ब, ऑस्ट्रियन सैन्यात अधिकारी. १८४६च्या सुमारास ग्लिनाच्या छावणीत त्याने ही चाल बांधली. याच ग्लिनात १९४१च्या उन्हाळ्यात उस्ताशांनी, म्हणजे नाझींच्या पाठिंब्याने क्रोएशियात सत्तेवर बसलेल्या फासिस्टांनी, शेकडो सर्बांना ठार मारलं, त्यातल्या अनेकांना ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये कोंडून. टेस्लाच्या स्मिल्यानमध्येही त्याच उन्हाळ्यात कत्तल झाली.

रुन्यानिनच्याच विंकोव्त्सीत १८९६ साली सावा शुमानोविच जन्मला. क्रोएशियाची राजधानी झाग्रेबमध्ये चित्रकला शिकला, पॅरिसमध्ये नाव कमावलं आणि शेवटी शिद या गावी येऊन बागा, रस्ते, बर्फ रंगवत बसला. १९४१मध्ये उस्ताशा राजवटीने सर्बांच्या सिरिलिक लिपीवर बंदी घातली. त्यानंतर त्याने चित्रांवर सही करणंच सोडलं, फक्त साल लिहायचा. १९४२च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे त्याला उचललं आणि इतर सर्बांबरोबर गोळ्या घातल्या. पुढे त्याच्या आईने चारशेहून अधिक चित्रं शिदला दिली.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. १९१८ची झाग्रेबमधली गर्दी.)

राजकारणात या समाजाचं सगळं द्वंद्व एका माणसात पाहायला मिळतं. स्वेतोझार प्रिबिचेविच, जन्म १८७५, कोस्ताइनित्सा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळात क्रोएट आणि सर्बांनी मिळून लढावं म्हणून १९०५मध्ये आघाडी झाली, तिचा तो म्होरक्या. सरकारने १९०९मध्ये झाग्रेबला ५३ सर्बांवर राजद्रोहाचा खटला भरला, त्यात त्याचे दोन सख्खे भाऊ. १९१८मध्ये साम्राज्य कोसळलं तेव्हा सर्बियाशी विलीनीकरण व्हावं म्हणून सगळ्यात जास्त घाई त्यानेच केली. या नव्या राज्याचा, म्हणजे पुढच्या युगोस्लाव्हियाचा, पहिला गृहमंत्रीही तोच. कारभार बेलग्रेडमधून चालावा, हा त्याचा हट्ट, आणि तो त्याने दंडेलीने राबवला. क्रोएट शेतकऱ्यांचा नेता स्त्येपान रादिच त्याचा कट्टर शत्रू.

आणि मग १९२७मध्ये प्रिबिचेविच याच रादिचशी हातमिळवणी करतो. आपण उभं केलेलं केंद्र आपल्याच सर्बांना, म्हणजे सर्बियाबाहेर नदीपलीकडे राहणाऱ्यांना, विचारत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. पुढच्याच वर्षी, २० जून १९२८ला, बेलग्रेडच्या संसदेत एका खासदाराने पिस्तूल काढून क्रोएट सदस्यांवर गोळ्या झाडल्या. रादिच ऑगस्टमध्ये गेला. राजाने हुकूमशाही आणली, प्रिबिचेविचला नजरकैदेत टाकलं, मग तो परदेशी गेला आणि १९३६मध्ये प्रागला वारला. टेस्लाने ती तार केली तेच हे साल. ज्या माचेकना केली, ते रादिचचे वारस आणि प्रिबिचेविचचे १९२७च्या हातमिळवणीनंतरचे सोबती.

साहित्यात व्लादान देस्नित्सा. झादारला १९०५मध्ये जन्मलेला हा कादंबरीकार दोन्ही देशांच्या साहित्येतिहासात हक्काने मोजला जातो. धर्मक्षेत्रात पात्रिआर्क पाव्ले, जन्म स्लावोनियातल्या कुचान्त्सी गावचा. सर्ब चर्चचे प्रमुख झाले तरी ट्रामने फिरायचे, बूट स्वतः शिवायचे. पडद्यावर रादे शेर्बेजिया, लिकातल्या बुनिचचा. हॉलिवूडच्या चित्रपटांत रशियन गुंडाच्या भूमिकेत त्याला तुम्ही बहुधा पाहिलं असेल.

(दृश्य : क्नीनचा किल्ला.)

१९९१च्या जनगणनेत क्रोएशियात ५,८१,६६३ सर्ब होते. २०२१मध्ये १,२३,८९२. मधल्या काळात युद्ध झालं. युगोस्लाव्हिया फुटताना क्रोएशियातल्या क्नीन शहराच्या सर्ब नेत्यांनी वेगळं राज्य पुकारलं आणि तिथल्या क्रोएटांना मारलं, हाकललं. मिलांकोविचच्या दाल्यमध्ये १ ऑगस्ट १९९१ला सर्ब फौजांनी क्रोएट पोलिसांची आणि नागरिकांची हत्या केली. १९९२मध्ये गोस्पिचमधला टेस्लाचा पुतळा स्फोटाने उडवला गेला. ऑगस्ट १९९५मध्ये क्रोएशियाच्या फौजेने तो भाग परत घेतला तेव्हा सुमारे दोन लाख सर्ब ट्रॅक्टरवर सामान टाकून निघून गेले. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपैकी शेकडो मारले गेले.

क्नीनच्या त्या राज्याचा पहिला अध्यक्ष मिलान बाबिच हा दातांचा डॉक्टर होता. हेगच्या न्यायालयात २००४मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, क्रोएटांची क्षमा मागितली. तेरा वर्षांची शिक्षा झाली. २००६मध्ये त्याने कोठडीत आत्महत्या केली.

क्रोएशियाच्या संसदेत आज सर्बांसाठी तीन राखीव जागा आहेत. त्यांचे प्रतिनिधी बोरिस मिलोशेविच २०२०मध्ये उपपंतप्रधान झाले. त्यांच्या आजीला १९९५च्या त्या मोहिमेनंतर ठार मारण्यात आलं होतं. ५ ऑगस्ट २०२०ला, त्याच मोहिमेच्या विजयदिनाला, ते क्नीनच्या सोहळ्यात जाऊन उभे राहिले. बेलग्रेडमधून जोरदार टीका झाली. तीन आठवड्यांनी ग्रुबोरी या खेड्यात, जिथे १९९५मध्ये सहा सर्ब नागरिक मारले गेले होते, क्रोएशियाचे राष्ट्राध्यक्ष आणि माजी सैनिकांचे मंत्री आदरांजली वाहायला आले.